मचूळ पाण्याचा फेस

१

जांभळा दिवा लागला आणि काहीच घडलं नाही.

नगरच्या त्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सकाळपासून माणसं दाटीवाटीनं उभी होती. खिडक्यांवर काळं कापड ओढलेलं. टेबलावर काचेच्या तीन नळ्या आणि तिन्हींत खडकवस्तीच्या विहिरीचं पाणी. संस्कृती दरेकरनं ड्रॉपरनं प्रत्येक नळीत आपल्या द्रावणाचे थेंब सोडले होते. पाण्यात शिसं असेल तर या दिव्याखाली ते पोपटी चमकायला हवं होतं. पीएच.डी.ची सगळी वर्षं खर्ची घालून तिनं बनवलेला तो रेणू होता.

तहसील कार्यालयातून आलेले अधिकारी पुढे वाकले. वार्ताहरानं मोबाईल वर धरला. नळ्या काळ्याच राहिल्या.

"पुन्हा कर," तिचे मार्गदर्शक डॉ. कल्याण निमसे दातांवर दात दाबून म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा अंधार.

अधिकारी सरळ उभे राहिले. "म्हणजे पाण्यात शिसं नाही. तक्रारीत तथ्य नाही, असंच ना?"

"आसं कसं न्हाई?" मागून एक खणखणीत आवाज आला. मुक्ताबाई गर्दी सारत पुढे आली. तिसगावच्या पुढे खडकवस्तीवर तिचं घर. घरामागच्या बांधापलीकडे पत्र्याची एक शेड उभी राहिली होती. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. शेड आल्यापासून तिच्या दोन म्हशी मेल्या होत्या आणि नातीच्या पोटात कळा येत होत्या. गेल्या महिन्यात ती स्वतः विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून एसटीनं या कॉलेजात आली होती. तेव्हा ते असं चमकलं होतं की संशोधन करणाऱ्या पार्थनं सगळ्या विभागाला हाका मारून बोलावलं होतं.

"म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. हिरवंगार पेटलं हुतं पानी. आन् आज ईझलं? कुनीतरी पानी बदललं!"

नमुन्याच्या तिन्ही बाटल्यांना विहिरीवरच लाख लावून पंचांच्या सह्या घेतल्या होत्या आणि सील आत्ता सगळ्यांसमोर तोडलं होतं. मधल्या काळात बाटल्या प्रयोगशाळेच्या कपाटात होत्या. किल्ली परिचर आकिबकडे.

"आकिबचे मामा भंगारवाले गनीभाई ना?" मागून कुणीतरी पुटपुटलं. "त्यांच्याच जुन्या बॅटऱ्या त्या शेडला जातात."

एवढं पुरलं. एकेक करून सगळ्यांच्या नजरा दाराशी उभ्या असलेल्या आकिबकडे वळल्या. तो संस्कृतीकडे बघत होता. दुपारपर्यंत त्याला घरी बसायला सांगण्यात आलं. जाता जाता अधिकारी म्हणाले, "सोमवारी अहवाल पाठवतो. त्याआधी काही पुरावा असेल तर आणा."

२

सुरय्या इनामदार सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या होत्या. विषप्रयोगाच्या प्रकरणांत त्यांनी आयुष्य घालवलं होतं. कॉलेजच्या त्या जुन्या विद्यार्थिनी. प्राचार्यांचा फोन आला तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मेथी तशीच ठेवून रिक्षानं निघाल्या.

त्यांची एक सवय होती. समोरचा बोलायला लागला की त्या चष्मा काढून पदरानं पुसत बसत. या बाईंना नीट दिसत नाही असं वाटून माणसं मोकळी बोलत.

संस्कृतीनं कागदावर रेणूची आकृती काढून दाखवली. "हा खेकड्यासारखा आहे मॅडम. या दोन नांग्या, मधे ही खोबण. खोबण शिशाच्या आयनाच्या मापाची. ती रिकामी असली की रेणू अंधारा राहतो. शिसं येऊन बसलं की प्रकाश टाकतो."

"दुसरा धातू बसला तर?"

"नाही बसत. कॅल्शियम, जस्त, लोखंड, सगळे तपासलेत. खोबण एवढी नेमकी जुळवायलाच तर इतकी वर्षं गेली." क्षणभर तिच्या आवाजात अभिमान आला आणि लगेच विझला. "पण साठा जुना होता. रेणूच खराब झाला असेल. चूक माझीच असणार."

"नमुने कुणी घेतले?"

"मीच. निमसे सरांनी फार घाई केली. बाटल्या विसळायलाही वेळ दिला नाही."

सुरय्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं ठळक अक्षरांत कागद चिकटवलेला होता: 'नमुना भरण्याआधी बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. सबब चालणार नाही. – संस्कृती.'

त्या बाहेर आल्या तेव्हा पार्थ व्हरांड्यात घुटमळत होता. जाड भिंगांचा चष्मा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या.

"मॅडम, एक सांगू? संस्कृती स्वतःच्या रेणूबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत नाही. सरांशीसुद्धा भांडलीय त्यावरून. आणि आज आपणहून म्हणते, खराब झाला?"

"तुझंही संशोधन असल्याच रेणूवर आहे ना?"

"हो. पाऱ्यासाठी." तो जरा खाली बघत म्हणाला, "माझा अजून चमकलेला नाही."

हा मैत्रिणीची काळजी करतोय की पाय ओढतोय, हे सुरय्यांना कळेना. त्यांनी दोघांनाही आत बोलावलं. एका नळीत शुद्ध पाणी घेतलं, त्यात शिशाचं द्रावण टाकायला लावलं, वर संस्कृतीचे थेंब. जांभळ्या दिव्याखाली नळी पोपटी पेटली.

"रेणू तर ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "आता सीलबंद बाटल्यांतलं उरलेलं पाणी घ्या. त्यातही शिसं टाका."

संस्कृतीनं टाकलं. अंधार. पार्थनं आणखी टाकलं. तरी अंधारच.

"मी माझ्या डोळ्यांदेखत शिसं टाकायला लावलं," सुरय्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग ते गेलं कुठं?"

पार्थ नळीकडे बघत राहिला. संस्कृती मात्र दाराकडे बघत होती.

३

पाण्यातले क्षार मोजायचं मीटर सुरय्यांनी त्या पाण्यात बुडवलं. आकडा मोठा आला. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी भरलं असतं तर तो इतका वर चढला नसता. पाणी विहिरीचंच वाटत होतं.

मग हात धुताना त्यांना काहीतरी सुचलं. बेसिनवरच्या साबणाचा कपचा त्यांनी नळीत टाकला, थोडं नमुन्याचं पाणी घातलं आणि बूच लावून हलवलं. फेस पार गळ्यापर्यंत आला.

त्यांनी मुक्ताबाईला फोन लावला. "तुमच्या विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येतो का हो?"

"फेस? ह्या पान्याला?" मुक्ताबाई हसलीच. "लई मचूळ पानी हाय बाई. साबन झिजून जातो, पर फेस येत न्हाई. डाळ बी शिजत न्हाई त्यात."

पाणी तेच, मचूळ. तरी त्याला फेस येत होता. साबणाला आडवे येणारे क्षार पाण्यात असूनही कुणीतरी त्यांना धरून ठेवलं होतं. त्याच पकडीत शिसंही सापडलं होतं. असं करणारी एक पांढरी पावडर सुरय्यांना चांगली माहीत होती. तिला ईडीटीए म्हणतात. धातूचा आयन दिसला की ती त्याला चहूबाजूंनी मिठी मारते आणि सोडत नाही. पाण्याचा जडपणा मोजायला पहिल्या वर्षाची पोरंही ती वापरतात. तिची बरणी विभागातल्या उघड्या फळीवर असते. कुणीही हात घालावा.

डॉ. निमसे मात्र आकिबच्याच नावावर अडून बसले होते. "दुसरं कोण? लाख वितळवली, पावडर टाकली, पुन्हा लाख लावली. वर्तमानपत्रवाल्यांना मी बोलावलं होतं मॅडम! माझी काय शोभा झाली!"

"शेड बंद झाली तर तुम्हाला काय मिळणार होतं?"

"नाव," निमसे पटकन म्हणाले आणि मग ओशाळले. "म्हणजे, विभागाचं नाव."

सुरय्यांनी तोडलेल्या सीलचे तुकडे भिंगाखाली धरले. लाखेचा एकच थर होता. खालच्या सहीच्या कागदाला गरम केल्याचा डागही नव्हता.

संध्याकाळच्या आत त्या आकिबच्या घरी पोचल्या. गनीभाईही तिथंच बसले होते. आकिबच्या आईनं चहा दिला आणि दाराची कडी लावून घेतली. शेजारपाजारचे डोकावून जात होते.

"आपा, बाटल्या मीच धुतल्या," आकिब म्हणाला. "उलट्या टांगल्या, कोरड्या झाल्यावर क्रेटमध्ये ठेवल्या. क्रेट विभागात उघड्यावरच होतं. तिथं सगळे येतात-जातात. सीलनंतर मी त्यांना हात लावलेला नाही. कसम घेतो."

"कसम नको घेऊस. त्या शेडवाल्याला ओळखतोस?"

उत्तर गनीभाईंनी दिलं. "मी ओळखतो. मच्छिंद्र नाव त्याचं. माझा माल त्याला जातो, आपा, मी कशाला लपवू? आता तो स्वतः नाही येत. अमृत म्हणून एक पोरगा येतो टेम्पो घेऊन. चांगला पोरगा आहे, पण त्याचं मनगट असं लोंबतं. परवा बॅटरी उचलता येईना त्याला. मी आणि हमालानं भरून दिली."

सुरय्यांनी चष्मा पुसायचा थांबवला. लोंबणारं मनगट. शिसं अंगात भिनलं की हाताच्या नसा अशाच साथ सोडतात.

रिक्षात बसल्यावर त्यांना सरळ दिसू लागलं. सीलनंतर पावडर टाकलेली नाही. सील सगळ्यांसमोर लागलं, तेव्हाही कुणी टाकलेली नाही. म्हणजे विहिरीचं पाणी बाटलीत शिरण्याआधीच पावडर तिथं वाट बघत होती. बाटल्या पांढऱ्या, अपारदर्शक. आत काय आहे ते दिसणार कुणाला?

पण बाटली तीनदा विसळली असती तर ती पावडर वाहून गेली असती.

४

दुसऱ्या दिवशी तिसगावच्या स्टँडवरून जीपनं आणि पुढे पायी, अशा सुरय्या खडकवस्तीवर आल्या. वाऱ्याबरोबर आंबट, घशाला खवखवणारा वास येत होता. बांधाकडच्या कडुनिंबाची एका बाजूची पानं करपून गेली होती. त्याच बाजूला पत्र्याची शेड होती.

मुक्ताबाईची नात ओट्यावर पडून होती. सात-आठ वर्षांची पोर, पण चेहरा म्हाताऱ्या माणसासारखा ओढलेला. "आज बी काय खाल्लं न्हाई," मुक्ताबाई तिच्या कपाळावर हात ठेवत म्हणाली. "डागदर म्हनला, पानी तपासा. तपासलं तर तुमचं मशीन म्हनतंय, पानी चांगलं."

"मशीन खोटं बोललं नाही, मुक्ताबाई. त्याला बोलू दिलं नाही. त्या दिवशी विहिरीवर काय काय झालं, ते मला सगळं सांगा. निमसे सरांनी घाई केली का?"

"त्ये सायब? त्ये हितं नव्हतंच. त्या बाभळीखाली फोटूवाल्यासंगं बोलत हुते. निवांत." मुक्ताबाईनं विहिरीच्या कठड्याकडे हात केला. "त्यो चष्म्याचा पोरगा म्हनला, बाटल्या आधी ह्याच पान्यानं खंगाळून घिऊ. तर ती पोरगी म्हनली, नको, धुवून आनल्यात. त्याच्या हातातली दोरी घितली तिनं. भराभरा भरल्या, झाकनं लावली. येक डाव बी वर बघितलं न्हाई तिनं. सारखी त्या शेडीकडं पाठ करून उभी."

सरांवर ढकललेली घाई खोटी होती. पण एवढ्यावर एखाद्या मुलीला गुन्हेगार ठरवायचं? दमली असेल, विसरली असेल. शिवाय स्वतःचाच रेणू सगळ्यांसमोर तोंडघशी पडावा असं कुणाला वाटेल? तसं व्हावं असं वाटण्याजोगा पार्थच होता. आणि पार्थ तर विसळू म्हणत होता.

"बाटल्या तीनच होत्या?"

"न्हाई, येक उरली हुती. चांगली फिरकीच्या झाकनाची. म्या त्या पोराकडनं मागून घितली, लोनच्याला." मुक्ताबाईनं नाक मुरडलं. "पर वापरली न्हाई. आत मिठावानी कायतरी हाय. म्हनलं, आवशीद-बिवशीद असंल."

"कुठं आहे ती?"

मुक्ताबाईनं फडताळातून बाटली काढली. सुरय्यांनी झाकण फिरवून आत बघितलं. तळाशी बारीक पांढरी पावडर होती, चांगली दोन चमचे. कारण काय ते कळत नव्हतं, पण टाकणाऱ्याचा हात कुठंतरी घाबरलेला होता. लागते त्याच्या कितीतरी पट पावडर पडली होती. थोडी टाकली असती तर शिसं लपलं असतं आणि साबणाला फेसही आला नसता.

त्या उठल्या. "मी जरा शेडवर जाऊन येते."

"येकट्या नका जाऊ बाई! त्यो मच्छिंद्र लई वंगाळ मानूस हाय."

५

मच्छिंद्र शेडमध्ये नव्हता. दाराशी फुटक्या बॅटऱ्यांचा ढीग होता, आत भट्टी धुमसत होती आणि एक तरुण डाव्या हातानं उजवा हात धरून पाटीत शिसं ओढत होता. सदऱ्याला ॲसिडनं भोकं पडलेली.

"कोण पाहिजे? मालक जेसीबी बघायला गेलेत. उद्यापासून इथलं सगळं हलवायचंय."

"अमृत ना तू? मी नगरहून आले. कॉलेजातून."

त्याच्या हातातली पाटी खाली आदळली.

"ताईला काय झालं का?"

तेवढ्या चार शब्दांत सुरय्यांना हवं ते मिळालं होतं, आणि मिळाल्याचा आनंद मात्र झाला नाही.

"तुझी ताई बरी आहे," त्या म्हणाल्या. "बस इथं. मला सांग."

अमृत दरेकर बसला. तो सुप्याच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार होता. ते काम सुटलं आणि मच्छिंद्र भेटला. जागेचे, विजेचे सगळे कागद त्यानं अमृतच्या नावावर केले. म्हणाला, मालक तूच, मी नुसता माल बघतो. बोलता बोलता अमृतनं ओठ पुसला तेव्हा सुरय्यांना त्याच्या हिरड्यांवरची निळसर काळी रेघ दिसली. शिशाची अशी रेघ त्यांनी नोकरीत बऱ्याच वेळा बघितली होती. त्यातले बरेच जण बोलण्यापलीकडे गेलेले होते.

"घरी सांगितलं होतंस, कुठं काम करतोस ते?"

"नगरला गोडाऊनवर हाय म्हणलं होतं. मग खडकवस्तीचं नाव पेपरात आलं, कॉलेजवाले पाणी न्यायला येणार म्हणून. मी घाबरलो. ताईला फोन करून सगळं सांगितलं. म्हणलं, पोलीस मलाच धरतील. ती लई रडली." त्यानं लोंबता हात मांडीवर घेतला. "दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. म्हणली, घाबरू नको, काही सापडणार नाही. ते तिनं कसं केलं, मला म्हाईत न्हाई मॅडम. खरंच न्हाई."

६

संस्कृती प्रयोगशाळेत एकटीच होती. सुरय्यांनी समोर स्टूल ओढलं आणि मुक्ताबाईकडची बाटली टेबलावर ठेवली. झाकण काढून ती तिच्याकडे जरा कलती केली.

"ही आकिबनं टाकलेली नाही. सीलला हात लागलेला नाही. निमसे सरांना तर नळ्या चमकायलाच हव्या होत्या. पार्थ त्या दिवशी बाटल्या विसळू म्हणत होता. पावडर त्यानं टाकली असती तर तो विसळू म्हणाला नसता, आणि उरलेली बाटली मुक्ताबाईला देऊन मोकळा झाला नसता. बाटल्या विसळल्या जाऊ नयेत असं तिथं एकाच माणसाला वाटत होतं. जिनं भिंतीवर तो कागद लावलाय, तिला."

"मॅडम, माझाच प्रयोग फसला. माझं हसं झालं. मी असं कशाला करीन?"

"म्हणूनच तर तुझ्याकडे कुणी बघितलं नाही. मीसुद्धा." सुरय्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी काल अमृतला भेटले."

संस्कृतीचे खांदे पडले. ती रडली नाही, नुसती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली.

"मुक्ताबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी रजेवर होते," ती म्हणाली. "मी इथं असते तर त्या दिवशी मीही खरंच सांगितलं असतं. अमृतचं तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पार्थनं तपासलं, सरांनी पेपरवाल्यांना फोन केले, आणि मग अमृतचा फोन आला. शेड त्याच्या नावावर आहे मॅडम. मला वाटलं, सील लागायच्या आधी टाकलं तर आळ कुणावरच येणार नाही. सगळे म्हणतील पाणी चांगलं आहे, आणि घरी जातील."

"आळ आकिबवर आला. तू तिथंच उभी होतीस."

"हो."

"त्या पोरीला कालही जेवण गेलं नाही. ते पाणी अजून तिच्या घरात आहे."

"मी त्यांना सांगणार होते, दुसरं पाणी प्या म्हणून. काहीतरी निमित्त काढून…"

"कधी?"

संस्कृतीनं बाटलीचं झाकण उचलून परत ठेवलं.

"आणि ज्याला वाचवायला हे केलंस, त्याच्याकडे नीट बघितलंस का इतक्यात? त्याचं मनगट पडलंय. हिरड्यांवर रेघ आलीय. या मुलाला तुरुंगाची भीती घालायची गरज नाही, संस्कृती. तो त्या भट्टीपाशी आणखी वर्षभर बसला तर पोलिसांना धरायला उरणार नाही."

संस्कृतीनं मान वर केली. "त्यानं मला सांगितलं, हाताला मुरगळ आहे."

"त्यालाही तसंच वाटतंय. अंगातलं शिसं काढायला डॉक्टर जे औषध देतात, ते याच पावडरीच्या जातकुळीतलं आहे. तू शिकलेली आहेस, तुला हे ठाऊक असणार. तुझ्या भावाला ते शिरेतून द्यायला हवं होतं, डॉक्टरांच्या हातून. तू बाटलीत घातलंस."

बाहेर व्हरांड्यातून कुणीतरी हसत गेलं.

"मच्छिंद्र जेसीबी आणणार आहे आज," सुरय्या म्हणाल्या. "शेड हलली की पुरावा गेला. मग राहील फक्त कागदांवरचं अमृतचं नाव. मी माझं म्हणणं प्राचार्यांना सांगणारच आहे. पण तू आधी बोललीस तर फरक पडेल. तुला नाही, तर त्याला."

संस्कृती उठली. ॲप्रन काढून तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"तहसीलमधल्या त्या साहेबांचा नंबर तुमच्याकडे आहे का?" तिनं विचारलं.

७

प्राचार्यांच्या खोलीत तिनं सगळं सांगितलं, उभं राहून आणि दोष कुणावरही न ढकलता. पार्थ ऐकता ऐकता खुर्चीत मागे सरकत गेला. डॉ. निमसे ताडकन उठून बाहेर गेले आणि पुन्हा आले नाहीत. अधिकारी आधी रागावले, मग घाईत दोन-तीन फोन लावले.

दुपारी शेडपुढे जेसीबी आणि पोलिसांची गाडी पाठोपाठच पोचल्या. मच्छिंद्र म्हणाला, माझा संबंध काय, कागद बघा. पण गनीभाई सोबत आले होते. गेली दोन वर्षं आपण कुणाशी सौदा करतो, कोण दटावून भाव पाडतं, हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं. मग अमृतही बोलला. आधी अडखळत, मग सगळंच.

त्याच दिवशी नवे नमुने घेतले गेले. पार्थनं बाटल्या विसळल्या, मुक्ताबाईनं दोरी धरली. कॉलेजात दिवा लागला तेव्हा या वेळी नळ्या पोपटी पेटल्या. मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. वस्तीवर टँकर सुरू झाला. नातीला आणि अमृतला नगरच्या दवाखान्यात दाखल केलं.

संस्कृतीवर गुन्हा नोंदला गेला. पीएच.डी.ची नोंदणी चौकशी होईपर्यंत थांबवली गेली. पार्थनं एकदा फोन केला, तेवढंच. दवाखाना, पोलीस ठाणं आणि कॉलेजचं कार्यालय, एवढाच तिचा रस्ता उरला.

एका दुपारी ती सुरय्यांच्या दारात आली. "आकिबभाईंच्या घरी जायचंय. एकटीनं जायचं धैर्य नाही."

दोघी गेल्या. दार आकिबनंच उघडलं. तो कामावर रुजू झाला होता, आज सुट्टी होती. संस्कृतीला बघून तो दारातच उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून.

"आकिबभाई, मी…"

"थांबा, दरेकर मॅडम. आधी मला बोलू द्या." त्याचा आवाज चढला नाही. "त्या दिवसांत अम्मी बाजारात गेली नाही. मामांच्या दुकानावर कुणीतरी दगड टाकला. ते सगळं जाऊ द्या. पण सगळे माझ्याकडे बघत होते, तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो. म्हटलं, या तरी बोलतील. त्यांना माहीत आहे मी कसा आहे. तुम्ही बोलला नाहीत."

"नाही बोलले," संस्कृती म्हणाली. तिनं पुढे सबब सांगितली नाही.

"माफ केलं असं मला आज म्हणवत नाही. उद्याचं माहीत नाही."

तिनं मान हलवली. गल्लीतून एक हातगाडी गेली.

"भाऊ कसा आहे तुमचा?" आकिबनं विचारलं.

"हात अजून तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. पोटातल्या कळा थांबल्यात. काल पहिल्यांदा पोटभर जेवला."

आकिबनं तिच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, मग सुरय्यांकडे. चौकटीवरचे हात त्यानं हळूहळू खाली घेतले.

"ऊन फार आहे," तो बाजूला होत म्हणाला. "आत या. पाणी देतो."